पन्नास किलोचा वैमानिक

विमान कोणी शोधून काढले, असा प्रश्न ब्राझीलमधल्या एखाद्या शाळकरी मुलाला विचारला, तर उत्तरात राइट बंधूंचे नाव येईलच असे नाही. तो बहुधा आल्बेर्तो सांतोस-द्युमाँचे नाव घेईल. रिओ दि जानेरोतला एक विमानतळ त्याच्या नावाने ओळखला जातो. ज्या गावाजवळ तो जन्मला, त्या गावाने आपले जुने नाव टाकून त्याचे नाव घेतले आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पॅरिसचे तरुण त्याच्यासारखी वाकडी टोपी आणि उंच कॉलर घालून मिरवत असत. आपल्याकडे मात्र या माणसाची ओळख फारशी नाही.

मला त्याची आठवण वारंवार होते, ती एका वेगळ्याच कारणाने. गेली काही वर्षे मी घरच्या घरी छोटी विमाने बांधणाऱ्या हौशी लोकांविषयी वाचत आलो आहे. अमेरिकेत आणि युरोपात असे हजारो लोक आहेत. मोटारीच्या गॅरेजमध्ये, रजेच्या दिवशी, नकाशे पुढ्यात ठेवून ते एक-दोन आसनांचे विमान बांधतात. आपल्या मुंबईत कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीतल्या इमारतीच्या गच्चीवर विमान बांधले. २०१६ साली वांद्रे-कुर्ला संकुलातल्या प्रदर्शनात ते मांडले होते, हे अनेकांना आठवत असेल.

या मंडळींच्या बोलण्यात एक विषय नेहमी निघतो, बॅटरीचा. विमानाचे इंजिन सुरू करायला मोटारीप्रमाणेच बॅटरी लागते. शिशाच्या पट्ट्या आणि आम्ल असलेली जुन्या पद्धतीची बॅटरी छोट्या विमानासाठी घेतली, तरी सहा-सात किलोची भरते. तेच काम लिथियमची बॅटरी दोन किलोंच्या आसपास करते. घरातला इन्व्हर्टर कोणी हलवला असेल, तर शिसे म्हणजे काय ओझे असते ते त्याला सांगायला नको. पाच किलो वाचले म्हणजे तेवढ्याच वजनात सहा-सात लिटर पेट्रोल जास्त नेता येते. मग शिशाची बॅटरी काढून लिथियमची बसवली की झाले, असे कोणालाही वाटेल. पण काढून टाकलेले वजन आतापर्यंत काय काम करत होते, हे आधी पाहावे लागते. हा धडा ज्याच्या आयुष्यातून सर्वांत चांगला शिकता येतो, असा माणूस मला सांतोस-द्युमाँखेरीज दुसरा दिसत नाही.

कॉफीच्या मळ्यातला मुलगा

२० जुलै १८७३ रोजी ब्राझीलच्या मिनास जेराइस प्रांतात त्याचा जन्म झाला. वडील आंरी द्युमाँ इंजिनिअर होते. फ्रान्समधून येऊन ब्राझीलमध्ये स्थायिक झालेल्या घराण्यातले. पुढे त्यांनी साओ पाउलो प्रांतात कॉफीची लागवड केली आणि ती इतकी वाढवली की लोक त्यांना कॉफीचा राजा म्हणू लागले. मळा एवढा अफाट होता की, कॉफीची बोंडे वाहून आणण्यासाठी त्यात खासगी रेल्वे टाकलेली होती.

बाकीची भावंडे घोड्यांवर रमत, तेव्हा धाकटा आल्बेर्तो यंत्रांभोवती घुटमळत असे. सातव्या वर्षी तो मळ्यातले वाफेचे ट्रॅक्टर चालवू लागला आणि बाराव्या वर्षी रेल्वेचे इंजिन. कॉफी निवडणाऱ्या यंत्रातल्या हलणाऱ्या चाळण्या सारख्या बिघडतात, गोल फिरणारी चाके मात्र बिघडत नाहीत, हेही त्याने तेव्हाच हेरून ठेवले. दुपारी झाडाखाली पडून ज्यूल व्हर्नच्या कादंबऱ्या वाचायच्या आणि आकाशात तरंगणारे पक्षी पाहायचे, हा त्याचा दुसरा उद्योग.

पुढे वडील घोडागाडीतून पडले आणि त्यांना पक्षाघाताने गाठले. मळा विकावा लागला. उपचारांसाठी कुटुंब युरोपला गेले आणि त्या प्रवासात आल्बेर्तोने पॅरिस पहिल्यांदा पाहिले. १८९२ साली वडिलांनी अठरा वर्षांच्या मुलाच्या हाती त्याच्या वाट्याची संपत्ती सोपवली. पॅरिसला जा आणि यंत्रशास्त्र शीक, यंत्रांतच जगाचे भविष्य आहे, असा सल्ला त्यांनी दिला. त्याच वर्षी ते वारले. इतक्या लहान वयात हाती आलेला पैसा मुलाला कुठल्याही वाटेने नेऊ शकला असता. या मुलाने मात्र खासगी शिक्षक ठेवून भौतिकशास्त्र, रसायन, विद्युत आणि यंत्रविद्येचा अभ्यास सुरू केला.

बॅटरीचे ओझे

पॅरिसला येताना त्याची अशी समजूत होती की, तिथे सुकाणू असलेले, हव्या त्या दिशेने जाणारे फुगे आकाशात फिरत असतील. प्रत्यक्षात तसे काही नव्हते. प्रयत्न झाले होते आणि ते थांबले होते. थांबण्याचे कारण वजन.

१८८३ साली तिसांदिए बंधूंनी विजेच्या मोटरवर चालणारा फुगा उडवला होता. पुढच्याच वर्षी, ९ ऑगस्ट १८८४ रोजी, फ्रेंच लष्करातल्या रनार आणि क्रेब्ज या दोन अधिकाऱ्यांनी ‘ला फ्रान्स’ नावाचा फुगा आठ किलोमीटरांचा फेरा मारून २३ मिनिटांत निघाल्या जागी परत आणला. हे विजेवरचेच उड्डाण होते. आज विजेवरच्या विमानांची जी चर्चा चालते, तिचा आरंभ सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वीचा आहे. पण ‘ला फ्रान्स’च्या बॅटरीचे वजन ४३५ किलो होते. एवढे ओझे वाहून तासभरही उडता येत नसेल, तर त्याचा व्यवहारात उपयोग काय?

सांतोस-द्युमाँने पॅरिसच्या यंत्रप्रदर्शनात पेट्रोलचे इंजिन पाहिले आणि त्याला वाट दिसली. त्या काळी दि दियाँ कंपनीची तीनचाकी धावत असे. तिचे छोटे इंजिन वजनाच्या मानाने चांगलेच जोरकस होते. त्याने अशा दोन इंजिनांचे भाग एकत्र करून साडेतीन अश्वशक्तीचे एक इंजिन तयार केले. वजन फक्त तीस किलो. या इंजिनालाही बॅटरी लागेच, पण ती ठिणगी पाडण्यापुरती. पंखा फिरवण्याचे कष्ट बॅटरीकडून पेट्रोलकडे गेले आणि तिचे काम ठिणगीपुरते उरले. घरी बांधलेल्या बहुतेक विमानांत कामाची वाटणी आजही साधारण तशीच आहे.

पण हायड्रोजन वायूने भरलेल्या फुग्याखाली पेट्रोलचे इंजिन लावणे म्हणजे गवताच्या गंजीखाली चूल पेटवण्यासारखे. शिवाय इंजिनाच्या हादऱ्यांनी सगळा सांगाडा खिळखिळा होईल, असे जाणकार सांगत. सांतोस-द्युमाँने वाद घातला नाही. एके दिवशी तो आपली तीनचाकी बुलोनच्या वनात घेऊन गेला आणि एका झाडाच्या आडव्या फांदीला पट्ट्यांनी बांधून ती जमिनीपासून थोडी वर टांगली. मग स्वतः तीवर बसून इंजिन सुरू केले. जमिनीवर खडखडणारी गाडी हवेत लटकल्यावर जवळपास शांत झाली. जाणकारांच्या एका मोठ्या शंकेचे उत्तर एका फांदीवर मिळाले. आगीच्या भीतीवरही त्याने उपाय केला. इंजिन फुग्यापासून शक्य तितके दूर ठेवले आणि धुराची नळी खालच्या दिशेला वळवली.

चौदा किलोंचे रेशीम

त्याआधी त्याने एक साधा फुगाही करवून घेतला होता. लाशाँब्र आणि माश्युराँ हे पॅरिसचे नामांकित फुगे बांधणारे. १८९८ साली सांतोस-द्युमाँने त्यांना जपानी रेशमाचा, अवघ्या ११३ घनमीटरांचा फुगा बांधायला सांगितले. इतके पातळ कापड टिकणार नाही, इतका लहान फुगा स्थिर राहणार नाही, असे त्यांचे मत पडले. गिऱ्हाइकाने कापडाचा तुकडा ताणून त्याची ताकद मोजून दाखवली, तेव्हा ते तयार झाले. वॉर्निश लावलेल्या त्या फुग्याच्या कापडाचे वजन १४ किलो भरले, टोपलीचे ६ किलो. ‘ब्राझील’ नावाचा हा फुगा त्याने ४ जुलै १८९८ रोजी उडवला. घरी परतताना तो सामानाच्या पिशवीत घालून आणता येत असे.

या सगळ्यात आणखी एक वजन त्याच्या उपयोगी पडत होते. तो स्वतः जेमतेम पन्नास किलोंचा, अंगाने सडपातळ आणि बुटका होता. दुसरा एखादा माणूस उंचीची खंत करत बसला असता. याने तिचा हिशेबात उपयोग करून घेतला.

वजन कमी करण्याचे वेड असलेल्या या माणसाला वजनाचे मोलही फुग्यानेच शिकवले. फुग्याच्या टोपलीत वाळूच्या पिशव्या असतात. वरवर पाहता ते निरुपयोगी ओझे. पण फुगा खाली येऊ लागला की वाळू टाकूनच जीव वाचतो. वाळू संपली की वैमानिकाच्या हाती काही उरत नाही. म्हणजे कोणते वजन फुकटचे आणि कोणते कामाचे, हे नुसत्या तराजूवर कळत नाही.

२० सप्टेंबर १८९८ रोजी त्याचा ‘क्रमांक १’ हा इंजिनाचा फुगा पॅरिसवर फिरला. उंचावरून उतरताना आतला वायू आकसला, आत हवा भरणारा पंप कमी पडला आणि लांबट फुगा मधोमध दुमडू लागला. खाली काही मुले पतंग उडवत होती. त्याने लोंबणारा दोर धरून वाऱ्याच्या विरुद्ध धावायला त्यांना ओरडून सांगितले. मुले हुशार निघाली. त्यांनी पतंगासारखाच तो फुगा ओढला, पडण्याचा वेग कमी झाला आणि वैमानिक वाचला.

एका स्प्रिंगची गोष्ट

१९०० साली तेलाच्या व्यवसायातले धनिक द्यूच द ला मर्त यांनी एक लाख फ्रँकचे बक्षीस जाहीर केले. साँ-क्लूहून निघायचे, आयफेल टॉवरला वळसा घालायचा आणि अर्ध्या तासात परत यायचे. एकूण अंतर अकरा किलोमीटर.

‘क्रमांक ५’ साठी त्याने अठरा मीटर लांबीचा पाइनच्या लाकडाचा सांगाडा केला. वजन फक्त ४१ किलो. फुग्याला सांगाडा टांगण्यासाठी लोक दोर वापरत. दोरांना वारा अडतो म्हणून त्याने पियानोच्या बारीक तारा वापरल्या. सगळा फुगा हलका आणि चपळ झाला. ८ ऑगस्ट १९०१ रोजी त्याने आयफेल टॉवरला वळसा घातलाही. पण वायू सोडणाऱ्या एका स्वयंचलित झडपेची स्प्रिंग कमकुवत होती. वायू गळत गेला, फुगा मऊ पडला, तारा सैल झाल्या आणि फिरत्या पंख्याला लागून तुटू लागल्या. इंजिन बंद करण्याशिवाय इलाज नव्हता. इंजिन बंद पडताच वाऱ्याने फुगा मागे ढकलला आणि तो त्रोकादेरो भागातल्या एका हॉटेलच्या छपरावर आदळून फाटला. लाकडी सांगाडा दोन इमारतींमध्ये तिरका अडकला आणि हा माणूस त्यावर लटकत राहिला. अग्निशमन दलाच्या जवानांनी दोर टाकून त्याला वर काढले.

दोर वापरले असते तर काय झाले असते, हे सांगता येणार नाही. पण तार हलकी असली तरी ती सतत ताणलेली हवी, आणि तिला ताण देणारा फुगा एका लहानशा स्प्रिंगच्या भरवशावर फुगलेला होता. सांतोस-द्युमाँने ही साखळी ओळखली. पियानोच्या तारा त्याने सोडल्या नाहीत, झडपा मात्र नीट पारखून घेतल्या. त्याच संध्याकाळी पुढच्या फुग्याचे काम सांगितले आणि ‘क्रमांक ६’ बावीस दिवसांत तयार झाला.

१९ ऑक्टोबर १९०१ रोजी त्याने टॉवरची फेरी पुरी केली. निशाण ओलांडताना साडेएकोणतीस मिनिटे झाली होती, पण दोर जमिनीवरच्या माणसांच्या हाती येईपर्यंत अर्धा तास उलटून गेला. परीक्षकांत वाद झाला, पॅरिसच्या लोकांनी गलका केला आणि अखेर ४ नोव्हेंबरला बक्षीस त्यालाच मिळाले. ती रक्कम त्याने आपल्या कामगारांत आणि शहरातल्या गरिबांत वाटून टाकली. कित्येक कारागिरांची हत्यारे गहाण पडली होती, ती त्या पैशांतून सुटली.

उडताना खिशातले घड्याळ काढायला हात मोकळा नसतो, ही अडचण त्याने आपला मित्र लुई कार्तिए याला सांगितली आणि १९०४ साली कार्तिएने त्याच्यासाठी मनगटावरचे घड्याळ केले, असे सांगतात. त्याच्या नावाचे ते घड्याळ आजही विकले जाते.

फुग्यांच्या दिवसांतला सर्वांत लाडका ‘क्रमांक ९’ हा तीन अश्वशक्तीचा छोटा फुगा १९०३ सालचा. तो घेऊन तो शाँज़ेलिझे या हमरस्त्यावर आपल्या घरापुढे उतरे, वर जाऊन कॉफी घेई आणि पुन्हा उडून जाई. याच फुग्यात त्या वर्षी जून महिन्यात आयदा द अकोस्ता या तरुणीने एकटीने उड्डाण केले. इंजिनाचे हवाई वाहन चालवणारी ती पहिली स्त्री. घरच्यांना बातमी कळली तेव्हा त्यांनी ती दाबून ठेवली. याच फुग्यात एकदा इंजिनातून भडका उडाला. आपल्या पनामा टोपीने झोडपून त्याने तो विझवला.

बांबू, रेशीम आणि मोकळे नकाशे

फुग्यांकडून तो विमानांकडे वळला. ‘१४-बिस’ या त्याच्या पहिल्या विमानाची तपासणी त्याने फुग्याला टांगून केली, मग तारेवर लटकवून गाढवाकडून ओढवून केली. झाडाला तीनचाकी टांगणारा माणूस अजून तोच होता. २३ ऑक्टोबर १९०६ रोजी बागातेलच्या मैदानावर, लोकांच्या डोळ्यांदेखत हे विमान साठ मीटर उडाले. १२ नोव्हेंबरला २२० मीटर. राइट बंधू १७ डिसेंबर १९०३ रोजीच उडाले होते, हे आता निर्विवाद आहे. पण ते आपले काम लोकांपासून लपवून करत होते आणि युरोपने उडणारे विमान पाहिले ते सांतोस-द्युमाँचे. ब्राझीलचा अभिमान इथून येतो.

मला स्वतःला मात्र त्याची खरी थोरवी दिसते ती पुढच्या विमानात, ‘देमोआझेल’मध्ये. फ्रेंचमध्ये या शब्दाचा अर्थ कुमारिका, आणि चतुर या कीटकालाही तेच नाव आहे. १९०७ ते १९०९ या काळात त्याने ते घडवत नेले. सांगाडा बांबूचा, पंख रेशमाचे, पंखांची लांबी साडेपाच मीटरांच्या आसपास, इंजिन डोक्यावर आणि वैमानिक चाकांमध्ये, कॅनव्हासच्या पट्टीवर बसलेला. मोकळ्या विमानाचे वजन साधारण ११० किलो. पंखांना पीळ देणाऱ्या तारा त्याने आपल्या कोटाच्या पाठीशी जोडून घेतल्या होत्या. वैमानिक कलला की विमान सावरायचे. माणूसही यंत्राचा एक भाग झाला होता आणि तो पन्नास किलोंचा आहे, हे गृहीत धरूनच सगळी मांडणी केलेली होती. धष्टपुष्ट माणसाला ते विमान दाद देत नसे.

त्या काळात विमान म्हणजे पेटंटांची आणि कोर्टकज्ज्यांची खाण झाली होती. सांतोस-द्युमाँने देमोआझेलचे पेटंट घेतलेच नाही. १९१० च्या जून आणि जुलैच्या अंकांत ‘पॉप्युलर मेकॅनिक्स’ या अमेरिकन मासिकाने तिचे नकाशे मापांसकट छापले. ज्याला हवे त्याने घरी विमान बांधावे. आज जगभर गॅरेजमध्ये वाकून काम करणाऱ्या हौशी लोकांचा तो आद्य पुरुष आहे, असे मी मानतो.

म्हणूनच बॅटरीचा प्रश्न आला की मला वाटते, हा माणूस आज असता तर त्याने लिथियमची बॅटरी नक्कीच घेतली असती. मात्र बसवण्यापूर्वी ती आधी कुठल्या तरी फांदीला टांगली असती.

कारण पियानोच्या तारेची गोष्ट इथेही लागू पडते. शिशाची बॅटरी जड, पण सोशिक. अल्टरनेटरचा नियंत्रक बिघडून दाब वाढला तरी ती काही काळ आम्ल उकळवत का होईना, तग धरते. संपत आली की हळूहळू क्षीण होऊन तसे सांगतेही. लिथियमची बॅटरी शेवटपर्यंत दाब टिकवून धरते आणि मग एकदम खाली येते. दाब फार वाढला किंवा फार घटला की, तिच्या पोटातला इलेक्ट्रॉनिक पहारेकरी स्वतःच्या रक्षणासाठी तिला बाकीच्या यंत्रणेपासून तोडून टाकतो. मोटारीत असे झाले तर गाडी रस्त्याच्या कडेला उभी करता येते. पण ज्या विमानाच्या इंजिनाची ठिणगी आणि इंधन दोन्ही विजेवर अवलंबून आहेत, त्याचे इंजिन हवेतच थांबू शकते. म्हणून जाणते बांधणारे दुसरी छोटी बॅटरी ठेवतात. दाब वाढला की अल्टरनेटर आपोआप तोडणारी सोय करतात. बॅटरी इंजिनाच्या उष्णतेपासून दूर ठेवतात आणि तिची वाफ बाहेर सोडणारी नळी लावतात. कडाक्याच्या थंडीत ती सुरुवातीला मंद असते, हेही ध्यानात ठेवतात.

आणखी एक गोष्ट सहज विसरली जाते. नाकाजवळची सात किलोंची बॅटरी काढून दोन किलोंची लावली की विमानाचा तोल मागे सरकतो. इतकी वर्षे ते शिसे नाक खाली धरून ठेवण्याचे काम करत होते, बिनपगारी. विमान पुन्हा तराजूवर चढवून गुरुत्वमध्य नव्याने काढावा लागतो.

लिथियमच्या बॅटऱ्याही सगळ्या सारख्या नसतात. १९९७ साली अमेरिकेत टेक्सास विद्यापीठातल्या गुडइनफ यांच्या प्रयोगशाळेने लोह-फॉस्फेट वापरण्याची पद्धत जगापुढे ठेवली. त्या शोधनिबंधावर गुडइनफ यांच्याबरोबर पाधी आणि नंजुंडस्वामी ही दोन ओळखीच्या वळणाची नावे आहेत. या प्रकारात ऊर्जा थोडी कमी मावते, पण कोबाल्टच्या बॅटरीपेक्षा ती सहजासहजी पेटत नाही. छोट्या विमानांत हाच प्रकार चालतो. उलट बोइंगने ड्रीमलायनरमध्ये कोबाल्टची बॅटरी घातली होती. जानेवारी २०१३ मध्ये बॉस्टन विमानतळावर उभ्या असलेल्या विमानात तिने पेट घेतला, आणि नऊ दिवसांनी जपानमध्ये दुसऱ्या विमानातल्या बॅटरीतून धूर निघाला. जगभरची ड्रीमलायनर विमाने, आपल्या एअर इंडियाचीसुद्धा, सुमारे तीन महिने जमिनीवर बसली. अखेर बॅटरीभोवती पोलादी पेटी आणि धूर बाहेर नेणारी नळी बसवावी लागली. वाचवलेले वजन त्या पेटीच्या रूपाने परत आले. एवढ्या मोठ्या कंपनीला जो हिशेब नंतर मांडावा लागला, तो गॅरेजमधल्या माणसाने आधीच मांडलेला बरा. त्याच्या विमानात बहुधा तो स्वतः आणि त्याच्या घरचेच कोणी बसणार असते.

न उतरलेले ओझे

जानेवारी १९१० मध्ये उडत्या देमोआझेलची एक तार तुटली आणि सांतोस-द्युमाँ खाली कोसळला. त्यातूनही तो वाचला, पण पुन्हा वैमानिक म्हणून उडाला नाही. हात-पाय साथ देईनासे झाले होते, चक्कर येत असे. डॉक्टरांनी मज्जासंस्थेचा आजार सांगितला. वय अवघे छत्तीस.

१९१४ साली महायुद्ध पेटले तेव्हा तो फ्रान्सच्या किनाऱ्यावरच्या एका गावात राहत होता. दुर्बिणीतून आकाश आणि समुद्र पाहणारा हा परदेशी माणूस जर्मन हेर असावा, असा शेजाऱ्यांना संशय आला आणि त्याच्या घराची झडती झाली. ज्या देशाला त्याने आपले सर्व कर्तृत्व वाहिले होते, त्या देशाने असे करावे हे त्याला सोसवले नाही. आपली टिपणे आणि नकाशे त्याने जाळून टाकले. जगाला नकाशे फुकट देणाऱ्याच्या घरी त्यानंतर स्वतःचे नकाशे उरले नाहीत.

ब्राझीलला परतून त्याने पेत्रोपोलिस गावात डोंगराच्या उतारावर चिमुकले घर बांधले. त्याच्या जिन्याच्या पायऱ्या अर्ध्या कापलेल्या आहेत. चढणाऱ्याने पहिले पाऊल उजवेच टाकावे लागते. आज ते घर संग्रहालय आहे. विमानांतून बाँब पडू लागले, तेव्हापासून त्याच्या मनाला शांतता नव्हती. १९२६ साली त्याने राष्ट्रसंघाला विनंती केली की, विमानांचा युद्धातला वापर बंद करावा. कोणी दाद दिली नाही. डिसेंबर १९२८ मध्ये तो युरोपहून जहाजाने रिओला परतत असताना, त्याच्या स्वागतासाठी त्याच्याच नावाचे एक विमान आकाशात आले आणि त्याच्या डोळ्यांसमोर पाण्यात कोसळले. त्यातले सगळे जण मरण पावले.

१९३२ च्या जुलैत साओ पाउलो प्रांताने केंद्र सरकारविरुद्ध बंड केले. ब्राझीलची विमाने ब्राझीलच्याच माणसांवर चालून गेली. सांतोस-द्युमाँ तेव्हा ग्वारुजा या किनाऱ्यावरच्या गावी एका हॉटेलात राहत होता. २३ जुलै रोजी त्याने स्वतःच आपले आयुष्य संपवले. तीनच दिवसांपूर्वी त्याला एकोणसाठ वर्षे पूर्ण झाली होती.

एका माणसाने सगळ्या जगाच्या युद्धाचा भार स्वतःच्या शिरावर घ्यायला नको होता, असे आपण म्हणू. त्याच्या आजाराचाही त्यात मोठा वाटा असणार. पण आपण बनवलेल्या वस्तूचे पुढे काय होते, याची जबाबदारी मानणारा तो माणूस होता. झडपेच्या स्प्रिंगपासून युद्धातल्या विमानापर्यंत त्याने ती मानली. विमान बांधणाऱ्या आजच्या हौशी लोकांना बाजारात सर्व काही तयार मिळते, त्याच्या काळी स्वप्नातही नसलेली दोन किलोंची बॅटरीसुद्धा. प्रत्येक वस्तू विमानात घालण्यापूर्वी आणि काढण्यापूर्वी ती काय काम करते, हे विचारण्याची त्याची सवय मात्र कुठल्याही दुकानात मिळत नाही. ती ज्याची त्यालाच लावून घ्यावी लागते.